मोनेच्या बागेतील उजेड

पॅरिसला जाणारे आपल्याकडचे बहुतेक प्रवासी आयफेल टॉवर पाहतात, सीन नदीतून बोटीने फिरतात, थोडी खरेदी करतात आणि परततात. ज्यांच्या हाती एक दिवस जास्तीचा आहे त्यांनी तो झिव्हर्नीसाठी ठेवावा. पॅरिसच्या वायव्येला सुमारे ७५ किलोमीटरवर, नॉर्मंडीत हे छोटेसे खेडे आहे. क्लोद मोने हा चित्रकार १८८३ साली इथे भाड्याच्या घरात राहायला आला. पुढे १८९० मध्ये त्याने ते घर विकत घेतले आणि ५ डिसेंबर १९२६ रोजी त्याचे निधनही इथेच झाले. या ४३ वर्षांत त्याने मुख्यतः दोन कामे केली. एक, बाग लावली. दुसरे, त्या बागेवर पडणारा उजेड रंगवला.

माझा धाकटा भाऊ नोकरीनिमित्त पॅरिसजवळ राहतो. गेल्या वर्षी जूनमध्ये अम्मींना घेऊन मी त्याच्याकडे गेले होते. अम्मींना संग्रहालयांची फारशी हौस नाही, पण बाग म्हटल्यावर त्या लगेच तयार झाल्या. रत्नागिरीच्या घराच्या परसात जास्वंद, तगर, अबोली त्यांनीच लावलेली आहे. साँ-लाझार स्टेशनवरून निघालेली गाडी पाऊण तासात व्हर्नोंला पोहोचते. तिथून झिव्हर्नी पाचेक किलोमीटर. स्टेशनाबाहेर बस उभी असते. बाग १ एप्रिल ते १ नोव्हेंबर एवढ्याच काळात उघडी असते. गर्दी फार असते, म्हणून तिकीट आधी काढून ठेवावे आणि सकाळची पहिली वेळ धरावी.

गुलाबी भिंती आणि हिरव्या झडपांच्या खिडक्या असलेले लांबट घर, आणि समोर उतारावर फुलांचे वाफे. वाफे अगदी सरळ रेषेत आखलेले, पण आतली फुले मात्र एकमेकांत मिसळून वाढलेली. आम्ही गेलो तेव्हा कमानींवर गुलाब चढले होते, आयरिस सरत आली होती आणि लाल पॉपी, म्हणजे खसखशीच्या जातीची फुले, वाऱ्यावर हलत होती. अम्मींनी पहिली गोष्ट टिपली ती ही की, इथे एकही फूल एकटे लावलेले नाही. जांभळ्याच्या शेजारी पिवळे आहे, लालच्या भोवती हिरवे दाट आहे. “शेजार बघून लावलंय,” त्या म्हणाल्या. चित्रकलेची पुस्तके जे दोन-दोन पानांत सांगतात ते त्यांनी तीन शब्दांत सांगितले.

रंग शेजाऱ्यामुळे बदलतो

आपण सगळ्याच बायका हे जाणतो. ओढणीला मॅचिंग कापड घ्यायला गेलो की दुकानातल्या दिव्याखाली कापड पसंत पडते, तरी आपण ते दाराबाहेर नेऊन उजेडात धरून पाहतो. घरी आल्यावर तेच कापड दुसऱ्या कुडत्यावर ठेवले तर आणखी वेगळे दिसते. कापड तेच, पण उजेड बदलला, शेजार बदलला.

फ्रान्समध्ये ही गोष्ट शास्त्राने मांडली ती शव्हरल नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने. पॅरिसच्या गोबलँ या प्रसिद्ध गालिचे आणि भिंतपडदे विणणाऱ्या कारखान्यात तो रंगाईचा प्रमुख होता. काळा धागा फिका दिसतो अशी तिथे तक्रार होती. तपासल्यावर त्याला आढळले की रंगात दोष नाही; त्या काळ्याच्या शेजारी विणलेल्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे डोळ्याला तो फिका भासतो. १८३९ साली त्याने यावर ग्रंथ लिहिला. पिवळ्याजवळ जांभळा, निळ्याजवळ नारिंगी, लालजवळ हिरवा ठेवला की दोन्ही रंग अधिक तेजाने दिसतात, हा नियम पुढच्या चित्रकारांना फार उपयोगी पडला.

आणखी दोन गोष्टी त्याच सुमारास घडल्या. निळ्या रंगांतला सर्वांत मौल्यवान रंग पूर्वी लाजवर्द या दगडापासून होई आणि तो दगड अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतून येई. आपल्या उर्दूतला ‘लाजवर्दी’ रंग तोच. युरोपात तो सोन्याच्या तोलाने विकला जाई. १८२०च्या दशकात फ्रान्समध्ये तो कृत्रिम रीतीने तयार होऊ लागला आणि स्वस्त झाला. १८४१ मध्ये एका अमेरिकन चित्रकाराने रंग भरण्याची कथलाची नळी शोधून काढली. त्याआधी रंग घोटून डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत ठेवत. तो वाळे, सांडे. आता नळ्या खिशात टाकून कुठेही जाता येऊ लागले. चित्रकार खोलीतून बाहेर पडला तो असा.

बाहेर पडल्यावर त्याला पहिला शोध लागला सावलीचा. खोलीत शिकवले जाई की सावली म्हणजे तपकिरी किंवा काळी. उन्हात उभे राहून पाहिले तर गवतावरची सावली निळसर हिरवी असते, पांढऱ्या भिंतीवरची जांभळट असते, कारण तिच्यावर आकाशाचा उजेड पडतच असतो. मोने आणि त्याच्या सोबत्यांनी काळा रंग जवळजवळ सोडून दिला. १८७४ साली त्यांनी पॅरिसमध्ये आपले स्वतंत्र प्रदर्शन भरवले. त्यात मोनेचे ‘इम्प्रेशन, सूर्योदय’ नावाचे चित्र होते. एका टीकाकाराने त्या नावावरून सगळ्यांचीच थट्टा केली आणि थट्टेचेच पुढे नाव झाले: इम्प्रेशनिझम. मराठीत याला दृक्प्रत्ययवाद म्हणतात. शब्द जड आहे, पण अर्थ सोपा आहे. वस्तू कशी आहे हे मनाने ठरवू नका. या घडीला, या उजेडात डोळ्याला ती कशी दिसते तेवढे सांगा.

तळ्याकाठी

घराच्या बागेपलीकडे रस्ता आहे. त्याखालच्या छोट्या भुयारी वाटेने पलीकडे गेले की पाण्याची बाग लागते. ही जागा मोनेने १८९३ मध्ये घेतली आणि जवळच्या ओढ्याचे पाणी वळवून तळे करायचे ठरवले. गावकऱ्यांनी हरकत घेतली. ही परदेशी झाडे पाणी नासवतील, खालच्या अंगाला आमची गुरे हेच पाणी पितात, असे त्यांचे म्हणणे. बरीच लिखापढी झाल्यावर परवानगी मिळाली. तळे झाले, त्यावर हिरवा लाकडी कमानी पूल झाला आणि पाण्यात फुले आली.

ही फुले आपली कमळे नव्हेत. कमळाचे पान आणि फूल देठावर पाण्याच्या वर उभे राहते. ही कुमुदे, यांची पाने पाण्यावर पसरून तरंगतात. थंड युरोपात पूर्वी पांढरीच कुमुदे होती. लातूर-मार्लियाक नावाच्या एका फ्रेंच रोपवाटिकावाल्याने (हे लातूर आपले नव्हे) उष्ण देशांतल्या जातींशी संकर करून पिवळी, गुलाबी, लालसर कुमुदे तयार केली आणि १८८९च्या पॅरिस प्रदर्शनात मांडली. मोनेने आपल्या तळ्यासाठी रोपे त्याच्याकडूनच मागवली. मग त्या तळ्यासाठी एक माळी वेगळा ठेवला. तो होडीत बसून पानांवरची धूळ धुई आणि वाळलेले काढून टाकी. रस्त्यावरून मोटारी जाऊ लागल्या, धूळ फुलांवर बसू लागली, तेव्हा मोनेने स्वतः खर्च करून रस्त्यावर डांबर घालवून घेतले.

एवढा खटाटोप कशासाठी, हे तळ्याकाठी थोडा वेळ बसल्यावर कळते. फुलांच्या मधले पाणी रिकामे नसते. त्यात आकाश असते, ढग असतात, काठावरच्या विलोच्या झाडांच्या लोंबत्या फांद्या असतात. ढग सरकला की पाणी राखाडीचे निळे होते आणि तेच गुलाबी फूल एकदम उजळते. आम्ही दोन तास बसलो. तेवढ्यात तळे चार वेळा तरी बदलले.

मोनेने याचीच शिस्त केली होती. १८९०-९१ मध्ये त्याने शेतातल्या गंज्यांची चित्रे काढली, मग रुआँ शहरातल्या मोठ्या चर्चच्या दर्शनी भिंतीची. विषय एकच, पण अनेक कॅनव्हास समोर मांडलेले. उजेड बदलला की हातातला कॅनव्हास बाजूला ठेवायचा आणि त्या वेळेचा उचलायचा. दुसऱ्या दिवशी तीच वेळ आली की कालचा पुढे चालवायचा.

हे ऐकून अम्मींना नवल वाटले नाही. आपला दिवसही असाच वाटलेला आहे. आज मोबाईल अजान देतो, पण नमाजांच्या वेळा मुळात उजेडाने आणि सावलीने ठरतात. क्षितिजावर आडवी पांढरी रेघ पसरली की फज्र. सूर्य डोक्यावरून ढळला की जुहर. दुपारची मूळ सावली वजा जाता वस्तूची सावली तिच्या उंचीएवढी झाली की आम्हा शाफई लोकांची असर, दुप्पट झाली की हनफींची. पश्चिमेचा लालिमा विरेपर्यंत मगरिब. जूनमध्ये पॅरिसला सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो. असर आणि मगरिब यांच्यात जवळजवळ चार तास मिळतात आणि ते चारही तास सोनेरी असतात. पाच वेळा आकाशाकडे पाहायला लावणारा दीन आपल्याला मिळाला आहे. आपण घड्याळाकडे पाहतो, ही गोष्ट वेगळी.

अल्जीरियाचे ऊन

मोनेच्या उजेडाचा एक धागा मुसलमानांच्या मुलुखात जातो. १८६१ साली, विशीत, त्याला सक्तीच्या लष्करी नोकरीसाठी अल्जीरियाला पाठवले गेले. अल्जीरिया तेव्हा फ्रान्सच्या ताब्यात होता. १८३० पासून फ्रेंचांनी तिथे तलवारीच्या जोरावर राज्य बसवले होते, हे विसरून चालणार नाही. आजारपणामुळे मोने पुढच्याच वर्षी परतला. पण तिथला उजेड आणि रंग पाहून मनात जे रुजले तेच आपल्या पुढच्या सगळ्या शोधाचे बीज ठरले, असे त्याने म्हातारपणी सांगून ठेवले आहे. त्याचा मित्र रन्वार १८८१ मध्ये अल्जीरियाला गेला आणि तिथल्या एका जत्रेचे, उन्हात चमकणाऱ्या गर्दीचे चित्र त्याने काढले. ते ‘मस्जिद’ या नावानेही ओळखले जाते. पुढे ते मोनेच्या स्वतःच्या संग्रहात होते. आज ते पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात आहे.

दोन डोळे, दोन तळी

दुसऱ्या दिवशी आम्ही पॅरिसमधल्या मार्मोतां संग्रहालयात गेलो. मोनेच्या मुलाने मृत्युपत्राने दिलेली वडिलांची चित्रे इथे आहेत. सगळे लोक ‘सूर्योदय’ पाहायला गर्दी करतात. अम्मी मात्र एका वेगळ्याच भिंतीसमोर थांबल्या. तिथे झिव्हर्नीच्या त्याच हिरव्या पुलाची चित्रे होती, पण पूल ओळखू येत नव्हता. विटकरी, गंजलेले, दाट पिवळे रंग, जाड फटकारे, जणू बागेला आग लागली आहे. आदल्या दिवशी पाहिलेल्या थंड हिरव्या बागेचा त्यात मागमूस नव्हता.

कारण होते मोतीबिंदू. १९१२ मध्ये डॉक्टरांनी मोनेला दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असल्याचे सांगितले. मोतीबिंदूत डोळ्याचे भिंग गढूळ आणि पिवळसर तपकिरी होते. त्यातून निळा रंग नीट पोहोचत नाही आणि सगळे पिवळट दिसू लागते. उजेडावर जगणाऱ्या माणसाला यापेक्षा मोठी आजमाइश कोणती? तरी त्याने शस्त्रक्रिया दहा वर्षे टाळली. भीती खोटी नव्हती. मेरी कसाट या त्याच्या ओळखीतल्या चित्रकर्तीच्या डोळ्यांवरील शस्त्रक्रिया यशस्वी झाल्या नव्हत्या. तो नळ्यांवरची नावे पाहून रंग घेई. अखेर त्याचा मित्र, फ्रान्सचा माजी पंतप्रधान आणि मुळात डॉक्टर असलेला क्लेमांसो याने पाठ धरली, तेव्हा जानेवारी १९२३ मध्ये उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. त्या काळी गढूळ भिंग काढत, पण नवे बसवण्याची सोय नव्हती. डोळ्यांवर पट्ट्या बांधून, उशीशिवाय दिवसच्या दिवस निश्चल पडून राहावे लागे. नंतर जाड चष्मा. बऱ्या झालेल्या डोळ्याने आता सगळे फार निळे दिसते अशी त्याची तक्रार होती. डावा डोळा त्याने शेवटपर्यंत करू दिला नाही.

अम्मींच्याही एकाच डोळ्याचे ऑपरेशन झाले होते, उजव्याच. दुसऱ्याचे त्या तीन वर्षे टाळत होत्या. कुरआन वाचता येते, सुईत दोरा ओवता येतो, एका डोळ्याने भागते तर अल्लाहने दिलेल्या दुसऱ्याला कशाला हात लावायचा, असे त्यांचे म्हणणे. आम्ही भावंडे सांगून थकलो होतो. त्या भिंतीसमोर त्यांनी एक हात डोळ्यावर ठेवला, मग दुसरा. पुन्हा पहिला. नंतर मागे वळून संग्रहालयाच्या पांढऱ्या भिंतीकडे तसेच पाहिले.

“या डोळ्याने भिंत पांढरी आहे,” त्या हळूच म्हणाल्या, “आणि याने जुन्या कागदासारखी. मला वाटायचं, थोडं धूसर आहे एवढंच.”

थोडा वेळ त्या गप्प होत्या. मग त्या लालजर्द पुलाकडे बोट करून म्हणाल्या, “बिचाऱ्याने खोटं नाही काढलं. त्याला दिसलं तेच काढलं.”

एका युद्धाच्या दोन आठवणी

शुक्रवारी जुम्मासाठी आम्ही पॅरिसच्या मोठ्या मस्जिदीत गेलो. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या बाजूने लढताना मेलेल्या हजारो मुस्लिम सैनिकांच्या स्मरणार्थ ती बांधली गेली. १५ जुलै १९२६ रोजी मोरोक्कोच्या सुलतानांच्या उपस्थितीत तिचे उद्घाटन झाले. मिनार ३३ मीटर उंच आहे. आत हिरवळ, पाण्याचे हौद आणि उत्तर आफ्रिकेच्या कारागिरांनी बसवलेले रंगीत टाइलचे तुकडे. या टाइलवरची फुले-पाने कोणत्याही ऋतूतली नाहीत, कोणत्याही वेळची नाहीत. ती फिरत फिरत परत स्वतःपाशी येतात. आपल्या कारागिरांनी फुलातले टिकणारे शोधले, मोनेने फुलातले निसटणारे. दोन्हींत नजर लागते.

तिथून ऑरांजरी संग्रहालयात गेलो. तेही त्याच युद्धाची आठवण आहे. ११ नोव्हेंबर १९१८ रोजी युद्ध थांबले आणि दुसऱ्याच दिवशी मोनेने क्लेमांसोला पत्र लिहून आपली चित्रे देशाला देऊ केली. त्यातून पुढे कुमुदांच्या तळ्याची आठ भव्य चित्रे दोन लंबगोल दालनांत बसवली गेली. उंची सुमारे दोन मीटर, एकूण लांबी सुमारे ९१ मीटर. युद्धाच्या स्मारकात ना तोफ, ना सैनिक, ना झेंडा. फक्त पाणी, फुले आणि उजेड. दालन मोनेच्या मृत्यूनंतर, मे १९२७ मध्ये उघडले. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला झालेल्या दुरुस्तीनंतर या दालनांत छतातून पुन्हा नैसर्गिक उजेड येऊ लागला आहे. बाहेर ढग आला की आतले तळे मावळते, ढग गेला की उजळते. बसायला मध्ये बाके आहेत. मंगळवारी बंद असते, तेवढे लक्षात ठेवावे.

घरात चित्र लावावे की नाही, हा प्रश्न आपल्याकडे हमखास निघतो. भावाने कुमुदांचे एक छापील चित्र घ्यायचे ठरवले तेव्हाही निघाला. चित्रे काढून पोट भरणारा एक माणूस हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांच्याकडे आला असता, काढायचेच असेल तर झाडे आणि ज्यांत रूह नाही अशा वस्तू काढ, असे त्यांनी सुचवल्याचे सही बुखारीत आले आहे. अम्मींनी एवढे ऐकून चित्र पसंत केले. सूरह फातिरमध्ये फळांचे, डोंगरांच्या पट्ट्यांचे, माणसांचे आणि जनावरांचे निरनिराळे रंग दाखवून अल्लाह माणसाला विचार करायला लावतो, हेही त्यांनीच आठवून दिले. रंग बघणे हे चैनीचे काम नाही, असे त्यांचे मत आता पक्के झाले आहे.

झिव्हर्नीला जाणे सगळ्यांना जमणार नाही. पण असरच्या वेळी परसातले एक फूल पाहावे, तेच मगरिबच्या आधी पुन्हा पाहावे, त्याला तिकीट लागत नाही. आणि घरात कुणी वडीलधारे ‘एका डोळ्याने भागते’ म्हणत असतील तर त्यांना एक हात डोळ्यावर ठेवून पांढऱ्या भिंतीकडे पाहायला सांगावे. मोनेच्या काळी जी शस्त्रक्रिया एवढी यातनांची होती ती आज बहुधा अर्ध्या तासाच्या आत होते, आत नवे भिंग बसते आणि माणूस त्याच दिवशी घरी येतो.

अम्मींनी परत आल्यावर स्वतःच डॉक्टरांची वेळ घ्यायला लावली. ऑगस्टमध्ये, पावसाची उघडीप पाहून, डावा डोळाही झाला. पट्टी निघाली त्या सकाळी त्या परसदारी जाऊन उभ्या राहिल्या आणि तगरीची फुले आधी एका डोळ्याने, मग दुसऱ्याने पाहिली. अल्हम्दुलिल्लाह, दोन्हींनी पांढरी दिसली.